लिस्बन : फिरायचा पहिलाच दिवस पावसात जाणार असं दिसतंय. काय करावं?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. लग्नाला पाच वर्षं झाली, तेव्हा कुठे दोघांच्या रजा एकदम मंजूर झाल्या. लिस्बनमध्ये तीन दिवस, मग रेल्वेने पोर्तो. रविवारी रात्री पोहोचतोय, म्हणजे फिरायचा पहिला दिवस सोमवार. आणि मोबाइलवरचं हवामान त्या सोमवारी सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत नुसते निळे थेंब दाखवतंय.

घरात दोन पक्ष पडलेत. माझं म्हणणं, आपण ठाण्याचे. २६ जुलैला कमरेएवढ्या पाण्यातून घरी आलेली माणसं, युरोपातल्या भुरभुरीला काय घाबरायचं? बायकोचं म्हणणं, एवढे पैसे भरून ओले मोजे घालून फिरायला मी येणार नाही, पहिला दिवस हॉटेलात झोप काढू.

आमचा बेत असा होता : सकाळी २८ नंबरची ट्रॅम, मग किल्ला, अल्फामा ह्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या, दुपारी नदीकाठचं बेलेम, संध्याकाळी एखाद्या टेकडीवरून सूर्यास्त. (हो, सूर्यास्त. बेत थेंब दिसायच्या आधी ठरला होता.)

कोणी पावसात लिस्बन पाहिलंय का? छत्री न्यावी की रेनकोट? बायको शाकाहारी आहे, अंडं चालतं.


हळदीगावची

सूर्यास्त वाचून हसले, माफ करा.

आधी तुमच्या फुशारकीबद्दल. आकड्यात तुमचं बरोबर आहे. लिस्बनला अख्ख्या वर्षात सातशे-पावणेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडत असेल. पण तुमचा पाऊस कोमट, आणि पडतो सपाटीवर. तिथला पडतो उतारावर, घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर, थंडीत, आणि नदीकडच्या वाऱ्याबरोबर आडवा. पावसाची सवय असून उपयोग नाही, जमिनीची पाहिजे. आमच्यावर काय गुदरलं ते सांगते, म्हणजे कळेल.

आम्ही गेलो २०२३ च्या नोव्हेंबरअखेर. मुलगी नेदरलँड्सला असते, तिच्याकडून पुढे दोघंच गेलो. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, मी बँकेतून. पहिला दिवस मंगळवार, म्हणजे ह्यांचा उपास. गणपतीचा मंगळवार ह्यांनी माझ्या बाळंतपणातसुद्धा मोडला नव्हता, तो लिस्बनमध्ये कुठला मोडतोय.

मी मुलीचे जुने, रबरी तळव्याचे बूट घातले होते. ह्यांनी सांगलीहून परदेशासाठी म्हणून खास घेतलेले, कातडी तळव्याचे, काळे, चकचकीत. मुलगी म्हणाली, बाबा, हे लग्नाचे बूट आहेत. हे म्हणाले, तुझ्या लग्नात घ्यायचे राहिले होते, ते आता घेतलेत.

रोसिओ चौकात बाहेर पडलो आणि पहिल्याच झोतात घडीच्या छत्रीचं कमळ झालं. आजूबाजूला पाहिलं तर चौकातल्या प्रत्येक कचऱ्याच्या डब्यातून मोडक्या छत्र्यांच्या काड्या वर आलेल्या. तिथल्या लोकांचंही तसंच होतं म्हणायचं. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : टोपीचा रेनकोट. छत्री घरी ठेवा.

त्या चौकाची फरशी बघण्यासारखी आहे, काळ्या-पांढऱ्या लाटांची, १८४९ ची. नक्षीचं नाव ‘मार लार्गो’, म्हणजे खुला समुद्र. पांढरा दगड चुनखडीचा, काळा बेसाल्टचा, आणि सगळं हाताने बसवलेलं. असली पहिली नक्षी १८४२ साली किल्ल्यावर कैद्यांकडून बसवून घेतली होती म्हणे. आता अख्ख्या शहराचे फुटपाथ तसेच आहेत. पावणेदोनशे वर्षं लाखो पायांनी पॉलिश करून ठेवलेले. हे दोन पावलं चालले आणि थांबले. म्हणाले, “ह्यो रस्ता हाय का न्हाणीघर?”

चौकाच्या कोपऱ्याला धुराची गाडी होती. तिकडे नोव्हेंबरात भाजलेली चेस्टनट विकतात. वर खडे मीठ, आणि सालं राख फासल्यासारखी पांढुरकी. कागदात गुंडाळून डझनभर दिली. ह्यांनी एक सोललं, उलटसुलट केलं, वास घेतला आणि निकाल दिला : “शिंगाड्याचा भाऊ दिसतोय. चालतंय.” अकरा ह्यांनी खाल्ली. बारावं मला, गरम होतं म्हणून हातात धरायला.

तिथून जवळच ग्लोरियाचा पिवळा डबा होता, चढावर नेणारा. दोन डबे एकाच दोराला, एक उतरतो तसा दुसरा चढतो. ह्यांनी खाली वाकून वाकून बघितलं, ब्रेक कसा, दोर कुठून जातो. ३ सप्टेंबर २०२५ ला तो दोर सुटला आणि सोळा माणसं गेली. ती बातमी लागली तेव्हा ह्यांनी टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन बसले. ते असो. तुम्हाला वरच्या शियादू भागात जायचं तर मेट्रोच्या बायशा-शियादू स्टेशनातले सरकते जिने आहेत. खालच्या दाराने शिरायचं, वरच्याने निघायचं. अख्खा चढ वाचतो आणि डोक्यावर छप्पर.

आम्ही त्या डब्याने वर पोहोचलो तर तिथला तो प्रसिद्ध सज्जा. समोर किल्ला दिसतो म्हणे. आम्हाला पांढरा पडदा दिसला. सज्जाला टाइलांवर समोरच्या देखाव्याचं चित्र काढून ठेवलंय, कुठली इमारत कुठली ते कळावं म्हणून. ह्यांनी त्या चित्राचा फोटो काढला. आमच्या आल्बममधला किल्ला तोच.

पाऊस वाढला. मी म्हटलं, जवळच कार्मोचं जुनं चर्च आहे, तिकीट काढू आणि आत शिरू. काढलं. शिरलो. आत तेवढाच पाऊस.

“अगं, छप्पर कुठाय?”

“भूकंपात पडलं.”

“कवा?”

“१७५५ ला.”

“मग तिकीट कशाला पुरं घेतलं ह्यांनी?”

मला आधी माहीत असायला हवं होतं, पण मी ‘चर्च’ एवढंच वाचलं होतं. १ नोव्हेंबर, सगळ्या संतांचा सण, सकाळची वेळ, माणसं प्रार्थनेला जमलेली. आधी भूकंप, मग नदीतून समुद्राची लाट, मग सणाच्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग. पुढे हे चर्च परत बांधायला घेतलं, पण छपरापर्यंत काम गेलंच नाही. आता वर नुसत्या दगडी कमानी आहेत, एकामागे एक, मोठ्या माशाच्या बरगड्यांसारख्या, आणि मधे आकाश.

खरं सांगू? पाऊस नसता तर मी पाच मिनिटांत फोटो काढून बाहेर पडले असते. पण आम्ही भिंतीच्या कडेला, कमानीच्या अंगठ्याएवढ्या आडोशाला टेकलो आणि अर्धा तास हललो नाही. कमानीच्या कडेवरून पाण्याची सरळ रेघ खाली पडते. प्रत्येक कमानीखाली एक. वारा आला की सगळ्या रेघा एकदम वाकतात. दगडावर पाणी पडल्याचा आवाज वेगळा, मातीवर पडल्याचा वेगळा, आणि दोन्ही त्या उंच भिंतींत घुमतात. लहानपणी कृष्णाघाटावर पावसात उभं राहिल्यावर असं ऐकू यायचं. हे काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे आवडलं.

पाठीमागच्या भागाला छप्पर आहे, तिथे छोटं संग्रहालय. त्यात काचेच्या पेटीत पेरू देशातून आणलेल्या दोन ममी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. गारठ्याने आमचीही बैठक तीच झाली होती.

आणि मग उतरताना व्हायचं ते झालं. कार्मोवरून रोसिओकडे उतरत्या पायऱ्या आणि उताराची गल्ली आहे. ह्यांचा पाय गेला. बसकण मारली ती सरळ चार पायऱ्या खाली. हाताचा तळवा सोलवटला, बाकी देवाची कृपा. एक आजीबाई भाजीची चाकाची पिशवी ओढत वर येत होत्या, त्यांनी ह्यांचा दंड धरला, स्वतःचा बूट वर करून रबरी तळवा दाखवला, मग ह्यांच्या बुटाकडे बोट करून मान हलवली. भाषा कळायची गरजच पडली नाही. मग त्यांनी चालून दाखवलं : भिंतीला लागून, पाऊल सपाट टाकत, टाच आधी न टेकवता.

मी तोंड गप्प ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, “पोरगी सांगत होती.” झालं. पुढची वीस मिनिटं अबोला.

अबोला काढायला खाली सांव दोमिंगोशचं चर्च आहे, ह्याला छप्पर आहे. १९५९ ला आत मोठी आग लागली होती. नंतर डागडुजी केली, पण तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवलेत. आत शिरल्यावर आधी ते खांबच दिसतात. बाकावर बसलो, मधे तिसरं माणूस मावेल एवढी जागा ठेवून. थोड्या वेळाने ह्यांनी तळहात माझ्यापुढे धरला, फुंकर घाल म्हणून नाही हो, पिशवीतलं कैलास जीवन काढ म्हणून. पण मधली जागा गेली.

बाहेर येऊन पहिलं काम, बूट. जवळच्या छोट्या दुकानात काळे, जाड रबरी तळव्याचे मिळाले. गल्ल्यावरचा पोरगा पैशाचं यंत्र पुढे करत पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाला, त्यात एक शब्द आम्हाला लख्ख कळला : ‘पगार’. तिकडे पगार म्हणजे पैसे देणं. हे त्याला मराठीत म्हणाले, “बाबा रे, पगार संपला, आता पेन्शन.” आणि दिवसात पहिल्यांदा हसले.

त्यानंतर दिवस बदलला. मार्तिम मोनिशला गेलो तर २८ नंबरच्या रांगेत शंभरेक माणसं उघड्यावर भिजत उभी. तिथेच १२ नंबरही मिळते, तसलीच जुनी पिवळी, अल्फामाच्या चढातून फिरून येणारी छोटी फेरी. त्या रांगेत सहा माणसं. ट्रॅममध्ये रोख तिकीट तीन युरो होतं, मेट्रोच्या यंत्रातून घेतलेल्या कार्डावर त्याच्या निम्म्याला. हे ड्रायव्हरच्या मागे उभे. चढाला चाकं फिरायला लागली की ड्रायव्हर रुळावर वाळू सोडतो, म्हणजे पकड येते. ह्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आवाजावरून ओळखलं. “वाळू सोडली बघ. आता धरंल.” धरली. पुढचा सबंध चढ ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ताजमहालापुढे दिसलं नव्हतं.

से कॅथेड्रलशी उतरलो. मोठ्ठी सर आली म्हणून समोर जे उघडं दिसलं त्या दारात शिरलो. ते होतं अल्जूब. हुकूमशहा सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग, १९६५ पर्यंत चालू. २०१५ पासून संग्रहालय. कोठड्या अशा, की माणूस आडवा झाला की कोठडी संपली. आम्ही आडोशाला शिरलो होतो, पण तिथे ह्यांनी एकदम विचारलं, “रानडे हितं होते काय?”

मोहन रानडे आमच्या सांगलीचे. माझे सासरे त्यांचं नाव काढल्याशिवाय १९ डिसेंबर जाऊ देत नसत. गोवा मुक्तिलढ्यात १९५५ ला पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढे पोर्तुगालला आणून लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. म्हणजे ह्या इमारतीत नव्हे, पण त्याच राजवटीच्या कुलपात. गोवा १९६१ ला मोकळा झाला, रानडे सुटले जानेवारी १९६९ ला. ज्याच्यासाठी लढले ते सुटून सात वर्षं झाली आणि हे आतच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली ते सासरे सांगायचे.

हे त्या कोठडीच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, “हितला पाऊस त्यांनी बी बघितला असंल.” मग जरा थांबून, “खिडकी असली तर.”

रात्री खोलीवर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हीटर नावाला. पोर्तुगालमध्ये घरं आतून फार गार असतात, हे कुणी सांगत नाही. मोजे दोन दिवस वाळत नाहीत, जादा जोड घ्या, किमान तीन. घरमालकीण बाई पायऱ्यांवर भेटल्या, आमची दशा बघून ‘तुआल्या’ म्हणत दोन जाड टुवाल आणून दिले. माझी आजी टुवालच म्हणायची, टॉवेल नाही. मी त्यांना म्हटलं ‘टुवाल’, त्या म्हणाल्या ‘तुआल्या’, आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून चारदा तेच म्हणालो.

उपास सुटला तो वाटीभर बटाट्याच्या सूपवर आणि पावावर. तिकडेही बटाटा म्हणजे ‘बटाटा’च. बायकोसाठी लक्षात ठेवा : ‘काल्दू वेर्द’ नावाचं हिरवं सूप दिसायला शाकाहारी, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात, आधी सांगा. ‘सोपा द लेगूमिश’ मागवलं तर बहुधा भाज्यांचं मिळतं, तरी विचारा. आणि न मागता टेबलावर आलेला पाव, लोणी, ऑलिव्ह फुकट नसतात. नको असेल तर हात लावू नका. ह्यांनी ऑलिव्ह हे जांभूळ समजून तोंडात टाकलं, त्याचेही पैसे गेले आणि चवही.

बेत म्हणाल तर : किल्ला, अल्फामा, बेलेम, सूर्यास्त यातलं पहिल्या दिवशी एकच ठेवा. झोप काढायला मात्र नको.


मडगांवकार

काकूंचं वाचून लिस्बनातली माझी पहिली सर आठवली. मी इथे अकरा वर्षं आहे. आम्हा गोंयकारांचं लिस्बन म्हणजे आधी पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदपत्रांची रांग, शहर मागाहून. मीही पपांच्या जन्मदाखल्याची फाइल पोटाशी धरून, रेनकोट फाइलला आणि मी उघडा, असा नोंदणी कचेरीपुढे उभा होतो.

घोडबंदरकर, एक महत्त्वाचं. तुमचा दिवस सोमवार. सोमवारी अल्जूब बंद, बेलेमचा जेरोनिमोश मठही बंद. म्हणजे बेलेमला सोमवारी जाऊन भिजण्यात काही अर्थ नाही, मंगळवारी जा. मठाला लागलेल्या चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं आहे, आणि समोरच्या बाजूला कवी कामोंइशचं, जो स्वतः गोव्यात राहून गेला. गामा मेला १५२४ ला कोचीत, हाडं पोर्तुगालला आली १५३९ ला, आणि ह्या मठात १८८० ला. माझी आई बघायला आली तेव्हा त्या थडग्यापुढे उभी राहून म्हणाली, “मेल्या, वाट कित्याक सोदली?” (वाट कशाला शोधलीस?) आणि मग क्रूस काढून नमस्कारही केला. दोन्ही खरं.

सोमवारी कार्मो उघडं असतं, त्याची सुट्टी रविवारी. सांव दोमिंगोशही मिळेल. शियादूत बेर्त्रांद पुस्तकाचं दुकान आहे, १७३२ पासून चालू, खोल्यांमागे खोल्या, तासभर कोरडे राहाल. पोरंबाळं नसली तरी ओशियानारियू बघा, १९९८ च्या एक्स्पोसाठी बांधलेलं मत्स्यालय. सोमवारीही उघडं, आणि मेट्रो ओरिएंते स्टेशनला उतरवते. पावसात गर्दी होते, तिकीट आधी काढा.

अजून एक. काकूंनी पावसाला थोडं कमी लेखलंय. २०२२ च्या डिसेंबरात इथे एका आठवड्यात दोनदा पाणी भरलं, अल्कांतारा, अल्जेश भागात गाड्या तरंगल्या. हवामान खात्याचा इशारा पिवळा असेल तर फिरा, नारिंगी असेल तर नदीकाठ आणि भुयारी रस्ते टाळा, लाल असेल तर बायकोचं ऐका.

रानड्यांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. इथल्या तरुण पोरांना तो भाग माहीत नसतो. गोवा भारताचा हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं ते १९७४ संपताना, म्हणजे इथली हुकूमशाही पडल्यावर. आणि ती पडली कुठे? २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान काएतानो सैन्यापुढे शरण आला तो कार्मोच्या शेजारच्याच पोलिसी बराकीत. काकू, तुम्ही ज्या भिंतीला टेकून अर्धा तास उभ्या होतात तिच्या जवळपासच.


एकादशी_दुप्पट_खाशी

मूळ प्रश्न सोडून विचारतो, रागावू नका. चेस्टनट उपासाला चालतं हे कोणत्या आधारावर ठरलं? शिंगाडा पाण्यात येतो, हे झाडावर. आणि वर मीठ होतं म्हणता. सैंधव होतं का?


हळदीगावची

सैंधव नव्हतं. समोरच्या अटलांटिकचं असावं. ह्यांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ते म्हणतात, तुमच्या उपासाच्या ताटातली मिरची, बटाटा, शेंगदाणा, रताळं सगळं अमेरिकेतून जहाजात बसून आलंय. त्या चौघांना कुणी आधार विचारला नाही, मग एकट्या चेस्टनटला कशाला?

मडगांवकार, सोमवारचं लक्षात आणून दिलंत, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि बराकीचं आम्हाला माहीत नव्हतं. ह्यांनी फोटो काढून परत बघितले, एका फोटोत कडेला पहारेकरी दिसतो.


एकादशी_दुप्पट_खाशी

काकांचा मुद्दा मान्य. मिठाचा अजून शिल्लक आहे.


घोडबंदरकर

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचा मजकूर बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ‘पोरगी सांगत होती’ला ती इतकी हसली, की शेजारच्यांनी बेल वाजवली.

ठरलं ते असं : सोमवारी सकाळी मेट्रोच्या जिन्यांनी वर, कार्मो, मग पुस्तकाचं दुकान, मग १२ नंबर. त्यापुढे काही नाही. बेलेम मंगळवारी, अल्जूब बुधवारी पोर्तोची गाडी पकडायच्या आधी. सूर्यास्त पोर्तोत बघू.

रेनकोट घेतले. बुटांवरून मात्र वाद चालू आहे. माझे चालण्याचे बूट चांगले ब्रँडचे आहेत, तळवा रबरीच आहे, पण दोन वर्षं रोज सकाळी येऊरला घालून तो झिजलाय. नवे घ्यावेत का? मला वाटतं चालून जाईल.


हळदीगावची

आमच्या ह्यांनाही तसंच वाटलं होतं.

तळवा उलटा करा, ओल्या बाथरूमच्या फरशीवर साबणाचं पाणी टाका, भिंतीला हात न लावता दोनदा ये-जा करा. बायकोला शेजारी उभं करा.


घोडबंदरकर

केलं. नवे बूट घेतोय. कैलास जीवनची डबी पण.